तिसऱ्या प्रकरणातली सुतळी

१२ एप्रिल, रवि.
खोकी २३ झाली. हे मागच्या महिन्यात निवृत्त झाले, पण प्लँटची शिस्त घरी घेऊन आले. प्रत्येक खोक्याला नंबर, यादी दोन प्रतींत. सकाळी गाळणी मागितली. "खोकं ४. सील झालंय." चहा रुमालातून गाळला.
२४ला क्वार्टर सोडून पालघरच्या फ्लॅटवर. माझा एम.ए.चा लघुप्रबंध कॉलेजात जमा करायची शेवटची तारीखही २४, दुपारी चार. हे म्हणतात, "बरंय की, तेही पालघरलाच. तू पुढे, ट्रक मागे." बी.ए.नंतर पस्तीस वर्षांनी शिकायला बसले ती काय ट्रकपुढे धावायला?

१४ एप्रिल, मंगळ.
सुट्टी. बाइंडिंगवाला बंद. कॅलेंडर समोर असताना बोईसरला जाऊन आले. शाळेत माझ्या वर्गातल्या मुलीने असं केलं असतं तर...

१७ एप्रिल, शुक्र.
चार प्रती मिळाल्या. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं. 'सुक्या मासळीच्या कामातील स्त्रिया'. ह्यांनी एक हातात तोलली. "वजन चांगलं आहे." एवढाच अभिप्राय.

२० एप्रिल, सोम.
दांडी गावच्या कोळीवाड्यात हिराबाईंना प्रत दाखवायला गेले. दोन वर्षं त्या मासळी वाळवत होत्या आणि मी प्रश्न विचारत होते; तेवढं तर करायलाच हवं. म्हणाल्या, "तुमीच वाचा. तुमचा आवाज शालेतला हाय." वाचलं : 'बोंबील जोडीजोडीने सुतळीने बांधून बांबू रोवून दोऱ्या ताणलेल्या वलांडीवर वाळत घालतात.' त्या हसायला लागल्या. सूनही.
"बोंबलांना सुतली? अवो बाई, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा नि टाकायचा दोरीवर. सुतली कशाला लागते?"
म्हटलं, तुम्हीच सांगितलंत.
"सांगितला ना. तुमी खुर्ची फिरवून बसलेल्या, रस्त्याकडं तोंड करून. वास येत व्हता तुमाला."
येत होता.

२१ एप्रिल, मंगळ.
सुतळी एका ओळीत असती तर... पान ४१, ४२, ४७. वर निष्कर्ष क्र. ५ : 'गाठ मारण्याचे कौशल्य आईकडून मुलीकडे जाते.' कुठली गाठ?
गाईडना फोन. माझ्या मुलीच्या वयाचे. "मॅडम, परीक्षकांना बोंबील कळत नाहीत. राहू द्या." सत्तावीस वर्षं मुलांच्या वह्यांवर लाल रेघा मारल्या, 'राहू द्या' कधी लिहिलं नाही.
टिपणांची वही खोकं १७मध्ये. हे सील तोडू देईनात. "कारण लिही." लिहिलं : मूर्खपणा. खाली माझी सही घेतली, मग उघडलं. त्या दिवशीच्या पानावर 'जबडा?' आणि खाली परतीच्या बसच्या वेळा.

२२ एप्रिल, बुध.
बाइंडर : "मॅडम, चारों खोलना पड़ेगा. शादी के कार्ड का काम है. शनिवार को लो." शुक्रवार म्हटलं. "तो ऐसे ही दे दो ना. कौन पढ़ता है?" गाईड आणि हा, दोघांचं एकच मत. चारही प्रती त्याच्यासमोर स्वतः उसवायला घेतल्या तेव्हा हलला.
आता परत फिरता येणार नाही. लॅपटॉप अजून बाहेर आहे, तोही मी मांडीवरून खाली ठेवला नाही म्हणून. ४१, ४२, ४७ दुरुस्त. निष्कर्ष ५ कोरा. जे पाहिलंच नाही ते काय लिहू?

२३ एप्रिल, गुरु.
सकाळीच दांडी. सुनेने खुर्ची आणली, मी बसले नाही. हिराबाईंनी टोपली पुढे ढकलली. "बगत काय ऱ्हाता, घाला." बोंबलाचे दात बारीक, बोटात शिरतात. पहिली जोडी वाळूत. दुसरीही. सून ओरडली, "बाईंना सुतली द्या गं कोनीतरी!" सात जोड्या टिकल्या.
हे तुम्हाला कोणी शिकवलं?
"शिकवतंय कोन? आयनं टोपली दिली नि घातला धपाटा."
निष्कर्ष ५ लिहिला. धपाट्यासकट. पानं बाइंडरला दिली. "कल बारह बजे. पक्का नहीं बोलता." हात तीनदा धुतले. ह्यांनी खिडकी उघडली.

२४ एप्रिल, शुक्र.
बाइंडरच्या दुकानात. बारा वाजून गेले, एक वाजला. शुक्रवार, दुरुस्तीसाठी लाइट बंद, पंखा नाही, डिंक ओला. "अभी हाथ मत लगाना मॅडम, पन्ना निकल जाएगा." चारही प्रती बाहेर ओट्यावर उन्हात उभ्या करायला लावल्या.
ह्यांचा फोन. ट्रक पालघरला पोचला. "खोकं ४ आधी उघडलं."
कारण काय लिहिलंत?
"चहा."
इथून पालघर रिक्षाने पाऊण तास, रेल्वे फाटकात अडकलो नाही तर. बाइंडरने स्टूल दिलं, तोंड रस्त्याकडे. फिरवून प्रतींकडे तोंड करून बसले. दोन वाजून दहा. कडा अजून बोटाला चिकटतात.