सार्जंटच्या पोटावर बेकायदा पार्किंग

५ जानेवारी
ठरलं. यंदाच्या गोचिडीच्या मोसमात सार्जंटच्या अंगाला केमिकलचा एक थेंब लागू देणार नाही. गोळी नाही, पट्टा नाही, पावडर नाही. सगळं वनस्पतीजन्य. गोचीड बाहेरून मारण्यात काय अर्थ आहे? कुत्र्याची इम्युनिटी आतून एवढी वाढवायची की गोचिडीनेच नाक मुरडून पुढची वाट धरली पाहिजे. हा विचार डोर्नक्लोफ गावात काय, अख्ख्या दक्षिण आफ्रिकेत आजवर कुणाला सुचला नव्हता. मला सकाळी दाढी करताना सुचला.

बायकोला, लेटीला, सांगितलं. ती रस्कसाठी कणीक मळत होती.  मग म्हणाली, शेजारच्या फानुसचा कुत्रा गेल्या उन्हाळ्यात गोचिडीच्या तापाने तीन दिवसांत गेला, हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या, आणि त्याच्यापाशी बसायला मी होते, तू नव्हतास. पुन्हा तसलं काही बघायची तिची तयारी नाही. म्हणून अट: मार्चअखेरीस चर्चचा बझार भरतो, त्या जत्रेपर्यंत मला मोकळीक. तोवर सार्जंटच्या अंगावर एक जरी गोचीड सापडली, तरी तो ग्केबेरहा शहरात तिच्या बहिणीकडे, बेटीकडे, जाणार. तिसरा मजला. गवताचं पातं नाही.

मी तत्काळ मान्य केलं. आत्मविश्वास असला की माणूस घासाघीस करत नाही. मग बाहेर जाऊन सार्जंटला सगळं समजावलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. या घरात माझं वाक्य पूर्ण ऐकणारा तो एकटाच आहे.

९ जानेवारी
रेल्वे रुळांपलीकडच्या माळावर जाऊन रानदवणा तोडून आणला. गवत गुडघ्याच्या वर. पोशाख नेहमीचा: खाकी हाफपँट, लांब मोजे, मोज्यात कंगवा. फानुस कुंपणावरून म्हणाला, गिडियन, फुलपँट घाल, तिथे गोचिडी आहेत. त्याला म्हटलं, एकतीस वर्षं ट्रॅफिक इन्स्पेक्टर म्हणून या गावच्या रस्त्यावर उभा राहिलोय, ट्रकला घाबरलो नाही. त्यावर त्याने माझ्या उघड्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि घरात गेला. पटलं असणार.

काढा: रानदवणा, रॉयबॉसचा लाल चहा, शिवाय लेटीच्या बागेत जो जो कडू पाला हाताला लागला तो. तीन तास उकळला. लेटीने घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या आणि स्वतः अंगणात जाऊन बसली.

१० जानेवारी, सकाळी
पहिला डोस. सार्जंटने वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि पंजाने वाडगं उलटं केलं. कुत्रा बुद्धिमान आहे, हे मी पूर्वीपासून म्हणतोय.

संध्याकाळी
त्याचा विश्वास बसावा म्हणून त्याच्यासमोर अर्धा कप स्वतः प्यायलो. त्याने फार आस्थेने पाहिलं. मग उठून गेला.

नवं धोरण: आधी मी, मग तो.

२५ जानेवारी
धोरणाचा पहिला भाग सुरळीत चालू आहे. दुसऱ्या भागात थोडी दिरंगाई. पण वस्तुस्थिती काय सांगते? मोसम ऐन भरात, फानुसच्या नव्या कुत्रीच्या कानात रोज तीन-चार गोचिडी, आणि आमच्या सार्जंटच्या अंगावर एकही नाही. मग हा कशाचा परिणाम? काढ्याचाच. प्रत्यक्ष पोटात गेला नसेल, पण मिशांना लागतो. शिवाय वास तर घरभर आहेच. इम्युनिटी श्वासातूनही जात असणार.

१ फेब्रुवारी, रविवार
चर्चहून आल्यावर लेटीने सार्जंटला कलेजी दिली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हे लाड चालतात. स्वयंपाकघराचं दार लावून, स्वतःच्या हाताने, लोण्यात परतलेला एकच गोल तुकडा. मी हरकत घेतली, म्हटलं, उपचार चालू असताना पथ्य पाळलं पाहिजे. म्हणाली, मुक्या जीवाला महिन्यातून एक तरी सुख असू दे.

मलाही सुख चालेल, असं सुचवलं. म्हणाली, तुझं कोलेस्टेरॉल बघ. चार वर्षं झाली कलेजी खाऊन. कुत्र्याचं कोलेस्टेरॉल कोणी बघत नाही.

८ फेब्रुवारी
अघटित घडलं आहे. दुपारी सार्जंट व्हरांड्यात उताणा झोपला होता. पोटावर, खालच्या बाजूला, केसांत, एक. लहान, करडी-गुलाबी, घट्ट चिकटलेली.

लेटीला बोललो नाही. तिला मणक्याचं दुखणं आहे, उगाच ताण नको.

९ फेब्रुवारी
दुसरी सापडली. पहिलीच्या बरोबर समोर.

१० फेब्रुवारी
चष्मा लावून नीट पाहणी केली. सगळ्या पोटावर आहेत. आणि सरळ दोन रांगांत, सारख्या अंतरावर, एकीसमोर एक. अशी शिस्त मी उभ्या नोकरीत शनिवारच्या बाजारात पाहिली नाही. पण कितीही शिस्तीत असलं तरी बेकायदा पार्किंग ते बेकायदाच.

चिमट्याने पहिली उचलायला गेलो. सार्जंट माझ्यावर गुरगुरला. सहा वर्षांत पहिल्यांदा. मग जाऊन गाडीखाली बसला तो अंधार पडेस्तोवर बाहेर आला नाही. रस्क दाखवला तर तोंड फिरवलं. मला फार लागलं. जखमेपेक्षा असं काही जास्त लागतं.

१४ फेब्रुवारी
सार्जंट पुन्हा बोलायला लागला आहे. चिमटा बंद. त्याऐवजी काढ्यात बुडवलेलं फडकं, दिवसातून दोनदा, हलक्या हाताने. त्याला ते आवडतं. पाय हवेत सोडून पडून राहतो.

निष्कर्ष: गोचिडी हलत नाहीत. पण वाढतही नाहीत, फुगतही नाहीत. म्हणजे काढ्याने त्यांना जागच्या जागी रोखून धरलं आहे. याला म्हणतात नियंत्रण.

१७ फेब्रुवारी
लेटी म्हणाली, उद्या सार्जंटला आंघोळ घालू. पोटाला साबण लावताना तिच्या लक्षात आल्याशिवाय राहणार नाही. मी म्हटलं, पाण्याने इम्युनिटी पातळ होते. तिने काढून ठेवलेला टॉवेल परत कपाटात ठेवला. आंघोळ रद्द झाली.

ट्रंकेतून माझं जुनं ड्यूटीचं जाकीट काढलं. पिवळंजर्द, चमकत्या पट्ट्यांचं. सार्जंटच्या पोटाखालून घेऊन पाठीवर बांधलं. बरोबर बसलं. लेटीला सांगितलं, रस्त्यावरच्या सुरक्षेसाठी.

फानुसने विचारलं, त्याची बदली झाली की बढती?

१ मार्च, रविवार
पुन्हा कलेजी. पुन्हा दार बंद. मी दाराला कान लावला होता. आत ती म्हणत होती, शहाणा माझा बाळ तो, गिळ बरं. मला कधी शहाणा म्हणाल्याचं आठवत नाही.

५ मार्च
बेटीचा फोन. सार्जंटसाठी टोपली आणून ठेवली आहे म्हणे, निळ्या गादीची. लेटीने तिला तयारीत राहायला सांगितलं होतं.

बाहेर जाऊन सार्जंटशेजारी पायरीवर बसलो. तिसऱ्या मजल्यावर तो करील काय? सकाळी कोणाबरोबर फिरायला जाईल? बेटी बोलायला लागली की दुसऱ्याला बोलू देत नाही. तिथे तो नुसता ऐकत बसेल, आणि इथे माझं कोण ऐकेल? मला रडू येईल असं वाटलं. आलं नाही. म्हणजे थोडं आलं. काढ्याची वाफ डोळ्यांत गेली होती.

काढ्याचं प्रमाण दुप्पट केलं. माझंही.

१९ मार्च
रानदवणा संपला, पुन्हा माळावर जाऊन आलो. आता सार्जंटच्या पोटाला सकाळ, दुपार, संध्याकाळ फडकं. परिस्थिती जैसे थे. बझारला नऊ दिवस. तेवढे निभावले की जिंकलो.

बझारमध्ये पाळीव प्राण्यांचं संचलन असतं. लेटीने सार्जंटचं नाव देऊन टाकलं. परीक्षक म्हणून जनावरांच्या डॉक्टर मगाडला आहेत. मी म्हटलं, त्याला गर्दी सोसत नाही. म्हणाली, तुझा काढा एवढा गुणकारी आहे तर चार लोकांना दिसू दे की. पेचात पकडलं. वाकड्यात शिरायला बायकांना कोण शिकवतं?

२६ मार्च
डोकं ठणकतंय. अंग मोडून आलंय. थंडी वाजते. याचा अर्थ उघड आहे: इतक्या दिवसांच्या काढ्याने शरीरातली घाण बाहेर पडते आहे. उजव्या गुडघ्यामागे, मोज्याच्या इलॅस्टिकखाली, एक काळा डाग आला आहे. घाण तिथूनच बाहेर पडत असणार. उत्तम लक्षण.

२८ मार्च, रात्री जेवणाआधी, अंथरुणात
सगळं क्रमाने लिहितो, कारण पुढे गावात वेगळंच सांगतील.

बझारला मरणाची गर्दी. पॅनकेकच्या रांगेत अर्धं गाव उभं. सार्जंट पिवळ्या जाकिटात संचलनात चालला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोरं त्याला सॅल्यूट ठोकत होती. माझ्या पायांत त्राण नव्हतं, पण मान ताठ होती.

डॉक्टर मगाडला म्हणाल्या, काका, जाकीट जरा काढा, तपासते. मी म्हटलं, त्याला सर्दी आहे. त्यांनी स्वतःच बंद सोडला. सार्जंटने, गेला दीड महिना लागलेल्या सवयीने, फडकं येणार म्हणून ताबडतोब उताणं होऊन चारी पाय वर केले. सगळ्या गावासमोर.

लेटी माझ्या बाजूलाच उभी होती. मला वाटलं, संपलं. निळी गादी डोळ्यांपुढे आली. मग मी जे केलं ते कोणीही केलं असतं. डॉक्टरांच्या कानाशी लागून म्हटलं, बाई, दोन रांगा आहेत, मला माहीत आहे, पण नियंत्रणात आहेत, बायकोला सांगू नका, ती त्याला घालवून देईल.

डॉक्टरांनी विचारलं, कसल्या रांगा? मी बोट दाखवलं.

त्या खाली वाकल्या. मग सरळ झाल्या. मग तोंडावर हात धरून थोडा वेळ चर्चच्या घंटेकडे पाहत राहिल्या.

"काका," त्या म्हणाल्या, "ती त्याची सडं आहेत."

मी त्यांना समजुतीच्या स्वरात सांगितलं की सार्जंट नर आहे.

"नरालाही असतात. तुम्हालाही दोन आहेत ना?"

फानुस पॅनकेक हातात घेऊन जमिनीवर बसला. त्याला हसताना श्वास घ्यायला जमत नव्हता. पाद्रीबाबांनी पाठ फिरवली होती, पण खांदे हलत होते.

तरीही मुद्दा हा की डॉक्टरांनी सार्जंटचे कान, बोटांच्या बेचक्या, शेपटीखाली, सगळं तपासलं आणि मोठ्याने जाहीर केलं की गोचीड एकही नाही, यंदा पाहिलेला सर्वांत निरोगी कुत्रा हाच. एकही नाही! म्हणजे काढा जिंकला. मी ते तिथल्या तिथे, टेबलावर चढून, लोकांना सांगायचं ठरवलं. चढताना मोजा घसरला.

डॉक्टर म्हणाल्या, "काका, गुडघ्यामागे ते काय आहे?"

पुढचं नीट आठवत नाही, कारण मी टेबलावरून फानुसच्या अंगावर पडलो. शुद्धीवर आलो तेव्हा डॉक्टर लेटीला सांगत होत्या की हे माझं खातं नाही, माणसांच्या डॉक्टरकडे न्या, गोचीड कुत्र्याला नाही, काकांना चावली आहे. हा गोचिडीचा ताप आहे.

माणसांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. सात दिवस गोळ्या, सकाळ-संध्याकाळ. मी गोळ्या घ्यायला ठाम नकार दिला. आयुष्यभराचं तत्त्व आहे, गेल्या पाच जानेवारीपासूनचं. सार्जंट काढ्यावर ठणठणीत राहिला, मीही राहीन. लेटीने वाद घातला नाही. बेटीला फोन करून म्हणाली, टोपली राहू दे, कुत्रा जात नाहीये. नियमाप्रमाणे नवरा पाठवायला हवा, पण तो टोपलीत मावणार नाही.

सार्जंट राहणार! डोकं फुटायला आलंय, तरी हे लिहिताना बरं वाटतंय. तो पलंगाशी बसला आहे. जाकीट त्याने स्वतः ओढत आणून माझ्या पायांवर टाकलं.

२९ मार्च, सकाळी
काल रात्री नवल झालं. लेटीने ताटलीत कलेजी आणली. मला! लोण्यात परतलेली, गोल तुकडा. कोलेस्टेरॉलचा विषय नाही. मला भरून आलं. म्हटलं, शेवटी काढ्याचं महत्त्व हिला पटलं, हा सत्कार आहे.

उठून दार लावलं तिने. माझ्याजवळ बसली. म्हणाली, शहाणा माझा बाळ तो, गिळ बरं.

कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं. पण तोवर चावलो होतो. कलेजीच्या आत दाताखाली काहीतरी टणक आलं, आणि कडू.

मी तिच्याकडे पाहिलं. मग सार्जंटकडे पाहिलं. तो माझी नजर चुकवून भिंतीकडे बघत होता.

त्याला किती दिवसांपासून, असं विचारलं. लेटीने ताटलीतला तुकडा माझ्या तोंडाशी पुन्हा नेला.

"ऑक्टोबरपासून," ती म्हणाली. "डॉक्टर मगाडलांची गोचिडीवरची गोळी, महिन्याला एक. त्याला पाठवून दिलं असतं तर तू जगला असतास का? खा आता. त्याने एकदासुद्धा तक्रार केली नाही."

गिळलं.

मग विचारलं, अजून आहे का. म्हणाली, सकाळच्या डोसला.

आता साडेसात वाजलेत. स्वयंपाकघरातून लोण्याचा वास येतोय. मी आणि सार्जंट दाराशी बसलो आहोत.