मूलपेशीच्या धड्यातली चूक

बाई, तुम्ही ऐकलं असतं तर हसला असतात, पण या जूनपासून दहावीचं विज्ञान मी घेतो आहे. दिग्रसच्या आपल्याच शाळेत. हुद्दा प्रयोगशाळा परिचराचाच आहे, म्हणजे परीक्षानळ्या धुणं आणि कपाटांना कुलूप लावणं. विज्ञानाचे सर निवृत्त झाले, जागा भरली नाही, तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "तू फक्त वर्ग शांत ठेव." वर्ग शांत राहावा म्हणून मी धडा मोठ्याने वाचायला लागलो, वाचता वाचता फळ्यावर आकृत्या काढायला लागलो, आणि पोरं मला सर म्हणायला लागली. मी दहावी बाहेरून, दुसऱ्या खेपेला पास झालेला माणूस. कोणी सर म्हटलं की अजून मागे वळून पाहतो. प्रत्येक तासाआधी धडा तीनदा वाचतो, अवघड शब्द एका कागदावर उतरवतो, आणि वर्गाच्या दारात तो खिशात आहे ना हे चाचपून पाहतो. मूलपेशीचा धडा आला तेव्हा मात्र मी कागद घेतला नाही. ते मला तुम्ही शिकवलं होतं.

मी नववीत होतो त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. वेचणीला मजूर लावणं कोणाला परवडत नव्हतं, म्हणून दिवाळीनंतर निम्मा वर्ग शेतात असायचा. तुम्ही हजेरी घेताना रिकाम्या बाकांकडे पाहिलं आणि जे दहा-बाराजण होतो त्या आम्हाला म्हणालात, "उद्या त्या साऱ्याइले सांगा, एक दिवस शाळेत या आणि येताना बोंड आना. फुटलेलं नको. हिरवं पायजे." तुम्ही यवतमाळच्या, घरी सगळे कचेरीतले लोक, पण आमच्याशी आमच्यासारखं बोलायला जायच्या आणि मध्येच चुकायच्या. आम्ही तोंडावर हात ठेवून हसायचो. तुम्हाला ते कळायचं, तरी तुम्ही बोलायच्या.

फुटलेलं बोंड कोणीही आणलं असतं. हिरवं बोंड तोडणं हा आमच्या घरी गुन्हा होता. पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडावर, उरलेलं प्रत्येक बोंड आई येता-जाता मोजायची, बोटांनी नव्हे, नुसत्या नजरेनं. मी कडेच्या ओळीतलं एक तोडलं आणि दप्तरात कंपासपेटीत दडवलं. संध्याकाळी ती म्हणाली, "त्या शेवटच्या झाडाले काय झालं रे?" दुसऱ्या दिवशी ती शेतातून थेट शाळेत आली, कमरेला वेचणीची ओटी तशीच बांधलेली. तुम्ही टेबलावर माझं बोंड मधोमध चिरून ठेवलं होतं.

"बाई, तुमाले पगार भेटते. आमाले हे बोंड भेटते. कच्चं कायले तोडाले लावता पोराइले?"

मी बाकाखाली जायच्या बेतात होतो. तुम्ही उठून उभ्या राहिलात. "चुकलं माझं, ताई. विचारायला हवं होतं. आता तोडलंच आहे, तर पाहून तरी जा."

आई सूक्ष्मदर्शकावर वाकते. आधी चुकीचा डोळा मिटते, मग दोन्ही मिटते, मग तुम्ही तिच्या एका डोळ्यावर स्वतःचा तळवा धरता.

"आत तं वल्ले केस हायेत."

"केस नव्हेत. हा एकेक धागा म्हणजे एकेक पेशी. सरकीच्या सालीवरची. नुसती लांब लांब होत गेली."

"सरकीच्या अंगावर त साऱ्या सारख्याच असतीन ना? मंग हिलेच काहून एवढी लांब व्हाची हौस?"

तुम्ही इतक्या मोठ्याने हसलात की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. म्हणालात, "पोरांनो, ताईंनी धडा सुरू केला बघा." आणि मग आईला बाकावर बसवून तुम्ही सांगितलं की फूल उमलतं त्या दिवशी सरकी मोहरीएवढीही नसते, तिच्या सालीवरच्या पेशी एकसारख्या दिसतात, त्यातल्या काही उठतात आणि धागा होऊ लागतात, शेजारच्या साल म्हणूनच राहतात. झाडाच्या शेंड्यात तर अशा पेशी असतात की त्यांचं अजून काहीच ठरलेलं नसतं. पान व्हायचं की पाती, म्हणजे फुलाची कळी, धरायची, सगळं पुढे. आपल्या हाडांच्या आतही तशा असतात, त्यांच्यापासून रक्त तयार होतं. ज्यांचं अजून ठरायचं आहे त्या मूलपेशी. तेव्हा आमच्या पुस्तकात हा शब्दही नव्हता. आई म्हणाली, "म्हनजे एका मायच्या लेकी. एक नांदाले गेली, एक घरीच राह्यली." तुम्ही ते फळ्यावर लिहिलं. घरी जाताना आई मला रागावली नाही. फक्त म्हणाली, "डोळ्यावर हात ठेवला माह्या. हात थंडगार होता बाईचा."

त्याच आठवड्यात तुम्ही माझ्या वहीचं पान फाडलं होतं, तेही सांगतो. धाग्याची आकृती मी पुस्तकातून काढली होती, सुरेख अंडाकृती पेशी, मधोमध केंद्रक, पट्टी लावून नावं दिलेली. तुम्ही विचारलं, "हे तुला दिसलं?" मला दिसली होती एक पीळ पडलेली चपटी फीत, त्या दिवशी काचेखाली सुकलेला कापूस होता. ती मला घाणेरडी वाटली म्हणून मी काढली नाही. तुम्ही पान टरकावलं. "दिसलं तेवढं काढ. जे ठाऊक नाही तिथे जागा मोकळी सोड." मला सोडता येत नाही, बाई. अजूनही मस्टरवर कोणाची सही राहिली तर मला जेवण जात नाही.

या वर्षी मी तोच तास घेतला. पोरांच्या आयांना आधी विचारून हिरवी बोंडं मागवली. तास छान झाला. शेवटी पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. ही कधी बोलत नाही, वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी बांधतात. तिने विचारलं, "सर, चामडीची पेशी चामडीची झाली. तिले वापस मूलपेशी होता येते काय?" मी म्हटलं, "नाही. एकदा ठरलं की ठरलं. आमच्या बाईंनी सांगितलं आहे." तिने विज्ञान प्रदर्शनासाठी त्याच धड्याचा तक्ता केला. अक्षर माझं चांगलं म्हणून मथळे मी लिहून दिले. सर्वांत खाली लाल शाईत लिहिलं: विशेष काम स्वीकारलेली पेशी कधीही मागे जात नाही. एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलं नव्हतं. वाक्यच चूक होतं.

यवतमाळला परीक्षक तक्त्यापाशी थांबले, वाचून हसले. म्हणाले, शास्त्रज्ञांनी कातडीच्या पेशीला मागे नेऊन मूलपेशीसारखी करून केव्हाच दाखवलं आहे, मग हे खालचं वाक्य तुला कोणी सांगितलं? मी तीन पावलांवर उभा होतो. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कोनी नाई, सर. मीच लिवलं." परतीच्या एसटीत तक्त्याची गुंडाळी मांडीवर घेऊन ती दारव्ह्यापर्यंत खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "सर, बाईले येत नव्हतं काय?" आणि मी म्हणालो, "तेव्हा कुठे कोणाला येत होतं." दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी विचारलं तेव्हाही मी तुमच्याच नावावर टाकलं. ते म्हणाले, "जुन्या मास्तरांचं असंच. पाठ करून यायचे." मी मान डोलावली.

आठवडाभर मला तुमचा राग होता. मग तुमची चूक तरी नीट पाहावी म्हणून नववीची वही काढली. तिथे माझ्या अक्षरात प्रश्न आहे: अंगातली तयार पेशी परत मागे जाते का? तो मीच विचारला होता. आणि लगेच सगळं आठवलं, तुमचा खडूचा हात, तुमचं थांबणं. तुम्ही म्हणाला होतात, "वाळलेला धागा मेला, तो नाही जाणार. पण जिवंत पेशी? मला ठाऊक नाही. शोधत असेल कोणी. दोन ओळी मोकळ्या सोड, कळलं की लिही." खाली दोन ओळी आहेत. पहिलीवर निळ्या शाईत, माझ्याच वळणदार अक्षरात: नाही. दुसरीवर मी पट्टीने रेघ मारली आहे. दोन वर्षांनी तुम्ही गेलात तेव्हा मी जिनिंगमध्ये कामाला होतो, मला मयतीनंतर तीन दिवसांनी कळलं. त्या दोन ओळी कधी पुन्हा उघडून पाहिल्या नव्हत्या.

सोमवारी मी वही वर्गात नेली आणि ते पान सगळ्या बाकांवरून फिरवलं. टेबलाला टेकून उभा राहिलो. म्हटलं, बाईंनी जागा सोडली होती, मी भरली. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, म्हनजे तुमी तवापासूनच कॉपी करता?" वर्ग फुटला. मीही हसलो. ती मुलगी हसली नाही. वही सगळ्यांत जास्त वेळ तिच्याकडे राहिली. परत देताना म्हणाली, "मंग त्या परीक्षकाले बाईचं नाव नाई सांगतलं ते बरंच झालं." मग तिने तक्ता आणला आणि लाल ओळीवर कोरा कागद चिकटवला. मी विचारलं, आता काय लिहू? ती म्हणाली, "मी लिहीन. तुमी नका लिवू."

मुख्याध्यापकांना मात्र अजून सांगितलेलं नाही, बाई. त्यांच्या लेखी तुम्ही पाठ करून येणाऱ्या मास्तरीणच आहात. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून इथे लिहिता येतं. त्यांच्या दाराशी मी दोनदा गेलो. एकदा ते फोनवर बोलत होते. दुसऱ्यांदा ते एकटेच बसले होते, मान वर करून त्यांनी "काय रे?" असंही विचारलं, आणि मी खडूची पेटी मागून परत आलो. माझ्या कपाटात आधीच खडूच्या चार पेट्या होत्या.