दहा अंश की पंधरा

नैरोबी, बुधवार

आदरणीय न्दिरांगूमामांना,

भाचा गचांजाचा वाकून नमस्कार. या थंडीत तुमचे गुडघे काय म्हणतात? मामींचा खोकला गेला का? आणि ती तांबडी गाय, मी धार काढायला बसलो की वळून माझ्याकडे संशयाने बघते ती, ती बरी आहे ना? इकडे मी बरा आहे, म्हणजे जेवतो आणि पडल्यावर झोप लागते. बाकी डोक्यात जो गोंधळ चालला आहे तो उपसून काढावा म्हणून हे पत्र. (फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही "मुद्द्याचं बोल" म्हणता, आणि मुद्दा नेमका कुठे आहे तेच मला सापडत नाहीये.)

न्यावीराबद्दल आईने तुम्हाला सांगितलं असेलच. कांगेमाकडची, चहाच्या मळ्यातली. मला मुलगी पसंत, मुलीला मी पसंत. अडलं होतं ते तिच्या वडिलांपाशी, आणि वडील अडले होते ते माझ्या गाडीपाशी. माझी जुनी टर्बोची गाडी तुम्ही ऐकलेली आहे. (पाहिलेली आहे असं लिहिणार होतो, पण त्या दिवशी तुम्ही गोठ्यातून बाहेर आलाच नाहीत.) पेडलवरून पाय काढला की मागच्या नळीतून बार उडतात. एकदा मी न्यावीराला तिच्या घराजवळ सोडायला गेलो, तेव्हा कारीथीबाबांची, म्हणजे तिच्या वडिलांची, खुडूक कोंबडी अंड्यांवरून जी उठून गेली ती परत बसायला आलीच नाही. बाबांनी निरोप धाडला की जो पोरगा दिसण्याआधी ऐकू येतो, त्याला माझं फाटक उघडायचं नाही. आणि आम्ही मंडळी त्यांचं घर बघायला जाण्याचा शनिवार तर ठरून गेलेला. बसने जातो म्हटलं, तर न्यावीरा म्हणाली, गाडी लपवलीस तर बाबा विचारतील, आणखी काय काय लपवलंय. तेव्हा गाडी न्यायचीच, पण गप्प करून न्यायची, असं ठरलं.

गाडी गप्प करायची तर आधी तिचं मूळ टायमिंग बसवावं लागतं. मला कळलं तेवढं सांगतो. पिस्टन वर पोचण्याच्या जरा आधी ठिणगी पडायला हवी, आणि हे जरा म्हणजे किती ते अंशांत मोजतात. एक चमकता दिवा असतो. त्याचा चिमटा पहिल्या सिलिंडरच्या वायरला लावून दिवा खालच्या पुलीवर धरला, की गरगर फिरणाऱ्या पुलीवरची खूण जागच्या जागी उभी दिसते. मग वरचा सेन्सर सैल करून केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवायचा आणि हवा तो आकडा आला की आवळून टाकायचा. ठिणगी उशिरा पडली तर जाळ नळीत जाऊन पेटतो आणि बार उडतात. फार लवकर पडली तर इंजिन आतून ठोके खाऊन स्वतःलाच फोडून घेतं. आमचा मेकॅनिक ओडुओर म्हणाला, आकडा दहा. माझा मित्र मुरीउकी म्हणाला, पंधरा. (मुरीउकी विमा विकतो, पण त्याच्याकडे एके काळी अशीच गाडी होती. ती जळाली.)

आता दोघांची दोन मतं झाली की आपल्याकडे जे करतात तेच आम्ही केलं. समिती नेमली. तुम्ही कपाळाला हात लावाल, पण मामा, आपण लग्नाला समिती नेमतो, मयताला नेमतो, मावशीच्या मोतीबिंदूलाही नेमली होती, मग इंजिनाने काय घोडं मारलंय? मुरीउकी अध्यक्ष झाला, कारण खुर्ची त्यानेच आणली होती. शेजारच्या टायरवाल्यापासून चहावाल्या बाईपर्यंत सगळे सभासद. सभेची सुरुवात प्रार्थनेने झाली. प्रार्थना ओडुओरने केली, आणि तिच्यात देवाकडे शांती, सुबुद्धी आणि दहा अंश मागितले. प्रार्थनेतून प्रचार चालणार नाही, अशी मुरीउकीने हरकत घेतली. मग दुसरी प्रार्थना, मग चहा, मग चर्चा. मुरीउकीचं म्हणणं, नैरोबी उंचावर आहे, हवा विरळ, ठिणगी लवकरच हवी. ओडुओरचं म्हणणं, टर्बोचा दाब आधीच वाढवून ठेवलाय, ठिणगी लवकर दिली तर पिस्टनला भोक पडेल. मला दोघांचंही पटत होतं. (समोरचा बोलत असेपर्यंत मला नेहमीच पटतं.) शेवटी चहावाल्या बाईने मधला मार्ग काढला, साडेबारा. टाळ्या झाल्या.

या कामात एक बारीकशी गोष्ट असते. दिवा धरण्याआधी डॅशबोर्डखालच्या एका प्लगातली दोन टोकं वायरच्या तुकड्याने जोडायची, म्हणजे तेवढा वेळ गाडीचा कॉम्प्युटर टायमिंगला हात लावत नाही. नाही जोडली तर आपण खाली मोजत बसतो आणि तो वरून आपल्या पदरचे अंश घालत राहतो. हे समितीत प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणूनच "वायर जोडणे" ही जबाबदारी एकमताने सर्वांवर सोपवली होती. मामा, ती कुणीच जोडली नाही. अध्यक्षांना वाटलं, ओडुओरने जोडली. ओडुओरला वाटलं, अध्यक्ष पुढच्या सीटवर बसलेत ते त्यासाठीच. आणि मी पडलो गाडीचा मालक, मला कोण विचारतो? दिव्यात साडेबारा दिसले खरे, पण त्यातले निम्मे कॉम्प्युटरचे होते. म्हणजे खरी ठिणगी दहाच्याही कितीतरी मागे राहिली. हे आम्हाला कळलं ते नंतर.

शनिवारी निघालो. समिती मटाटूची व्हॅन भाड्याने करून मागोमाग आली. थिकापर्यंत गाडी इतकी शांत होती की मला भरून आलं. (ती शांत नव्हती, तिच्यात जीवच नव्हता.) मुरांगाच्या पुढे चढ लागला आणि बार सुरू झाले, ते पूर्वीच्यापेक्षा मोठे. बाबांच्या डोंगराच्या अलीकडच्या अंगाला टर्बो शेगडीतल्या निखाऱ्यासारखा लाल झाला आणि इंजिनाने मान टाकली. मग सगळ्यांनी कोट काढले आणि ढकलायला लागले. आदल्या दिवशी पाऊस झालेला, तांबडा चिखल घोट्याच्या वर. नवरदेव मळायला नको म्हणून मला स्टिअरिंगवर बसवलं. फाटकाशी आतल्या बायका गाणं म्हणत अडवून उभ्या. आपल्या बाजूने गाऊनच उत्तर द्यावं लागतं, पण आमच्या मंडळींना धाप लागलेली, त्यामुळे ते गाणं कमी आणि कण्हणं जास्त झालं. तरी फाटक उघडलं. बायकांनी गाडीला गराडा घातला आणि गाडी चकार शब्द न काढता अंगणात सरकली.

कारीथीबाबा पायरीवर उभे होते. गाडीकडे बघितलं, मंडळींकडे बघितलं, मग बराच वेळ माझ्याकडे. म्हणाले, "गाडी शांत आहे."

मी म्हणालो, "हो, बाबा." मामा, हे खोटं नव्हतं. बंद गाडीइतकं शांत काय असतं?

मग मुकिमो झालं, मटण झालं, आणि रुरासिओची, देण्याघेण्याच्या बैठकीची, तारीखही त्यांनी तिथल्या तिथे दिली. फक्त निघताना म्हणाले, त्या दिवशी मी या गाडीत बसून गावात एक चक्कर मारणार. परतीला उतार होता म्हणून त्या दिवशी अब्रू वाचली. पण बैठक तीनच आठवड्यांवर आहे, आणि तेव्हापासून मी गाडीभोवती नुसत्या फेऱ्या मारतो आहे. पोरगी हातची गेली तर मी या गाडीचं काय करू, आणि माझं काय करू?

मामींना नमस्कार, गाईला आठवण.

तुमचा गोंधळलेला भाचा,
गचांजा

ता. क. पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलं. आईचे भाऊ म्हणून बैठकीत तुमचा शब्द कुणी मोडत नाही. तेव्हा तुम्ही दुधाचा पिकअप घेऊन यावं, आणि माझी गाडी तुम्हीच कामाला नेली आहे असं बाबांना सांगावं. तुम्ही चर्चचे वडीलधारे आहात हे मी विसरलेलो नाही. थोडंसंच सांगायचं आहे.

ता. क. २. वरचं रद्द समजा. पाकीट बंद करत होतो तेवढ्यात न्यावीरा आली. बाबांना पहिल्याच मिनिटाला कळलं होतं. दारात सगळ्यांचे बूट चिखलाने माखलेले, एकट्या माझेच लख्ख. ते तिला म्हणाले, "ज्याची गाडी ढकलायला इतकी माणसं चिखलात उतरतात, त्याच्या घरी तू एकटी पडणार नाहीस. पण पुढच्या वेळी त्यालाही ढकलू दे." मामा, हे ऐकून मी तिच्यासमोर रडलो. लाजही वाटली. तुम्ही या, पण खोटं बोलू नका, आणि गमबूट आणा.

ता. क. ३. वायर आज मी स्वतः जोडली, स्वतःच्या हाताने. आता फक्त आकडा उरला आहे. चहावाल्या बाईने साडेबारा मागे घेतले, आणि समितीत मतं समसमान पडली आहेत. मी माझं मत दोन्हीकडे दिलं होतं, ते बाद झालं. तुम्हाला सन्माननीय सभासद करून घेतलं आहे. दहा की पंधरा, ते उलट टपाली कळवा. तोवर गाडी ढकलण्यापुरती तयार आहे, आणि मीही.