तंबोल्याचा परवाना

अकोला, मंगळवार, १६ जानेवारी १९६२. दुपारी सव्वातीन वाजता कलेक्टर कचेरीतल्या बड्या बाबूने मला जुगारी ठरवलं.

जुगारी! दवाखान्यात बाळंतिणी जमिनीवर निजतात, त्यांच्या खाटांसाठी रविवारी तंबोला, तो तिकिटांवरचे आकडे खोडायचा खेळ, ठेवलाय. तिकिटं खपली, पण परवाना नाही. बाबू म्हणतो, "आदी पोलिसाची ना-हरकत आना." फौजदार म्हणतो, "आदी परवाना दाखवा." मग सुरुवात कुठून करू, स्वर्गातून? बाबू हसला. "बाई, मी काय करू? जुगार हाय हा."

कॉन्व्हेंट शाळेत आमच्या सिस्टर नाताळात अनाथ मुलांसाठी हाच खेळ ठेवत. त्याही जुगारी?

आणि दर शनिवारी क्लबात पैसे लावून तंबोला चालतो, तिथे आकडे कोण पुकारतो? हाच बाबू! मी तोंडावर विचारलं. म्हणाला, "तो सायबलोकायचा खेळ हाय, बाई. तुमी कावून बरोबरी करता?"

विनापरवाना खेळवला तर पोलीस येतील. पैसे परत केले तर खाटा गेल्या. काय करावं?

नाही, थोरल्या साहेबांनाच, कलेक्टरांनाच लिहिते. क्लबाला जो कायदा तोच मला लावा, नाहीतर मला लावलेला क्लबालाही लावा. दोन्हींपैकी काय, ते शुक्रवारी दुपारी बाराच्या आत लेखी कळवा. तोंडी उत्तर मी घेणार नाही.