मानाचा बैल तळ्यात उतरला त्याची हकीकत

तीर्थस्वरूप आदिनाथ दाजींना रामकिशनचा दोन्ही हात जोडून नमस्कार. आक्काचं बीपी उतरलं असेल आणि तुमचा गुडघाही पायऱ्या चढू देत असेल, अशी आशा करतो. आमचं विचारू नका. (फोन केला असता, पण आमच्या घरात फोनवरचं बोलणं थेट चुलीपर्यंत ऐकू जातं. आपला सोमेश मोटारसायकलवर तुमच्याकडे देवणीला निघालाय, त्याच्या हाती ही चिठ्ठी.)

यंदा तळं राखायच्या समितीचा अध्यक्ष मी झालो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. कमळपक्ष्याची चार अंडी कमळाच्या पानांवर दिसली आणि मला चैन पडेना. (अंडी घालून मादी निघून जाते, उबवत बसतो तो नर. हे आमच्या मंडळींना, केवळाला, सांगितलं, ती नुसती हसली.) म्हणून मीच ठराव मांडला : पिल्लं निघेपर्यंत तळ्यात जनावर उतरवायचं नाही, पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणीलाही बैल बोअरच्या पाण्यानंच धुवायचे, आणि ज्याचा बैल उतरेल त्याची जोडी पोळ्याच्या मिरवणुकीतून बाद. गाव कुरकुरलं, पण मानलं. मिरवणुकीत पहिली जोडी आजोबांच्या काळापासून आमची, त्यामुळे माझ्या शब्दाला वजन.

आज खांदमळणी. मी बादली भरायला वळलो तेवढ्यात आमचा थोरला बैल दरसालच्या सवयीनं तळ्यात जाऊन पोटाएवढ्या पाण्यात उभा राहिला. मी मागं धावलो, चप्पल गाळात गेली, बैल निघाला. पण पाणी हललं, अंड्यांचं पान डुचमळलं आणि नर उडाला तो उडालाच. दाजी, जीव थाऱ्यावर नाही. उन्हात अंडी किती वेळ टिकतात, हे कुणाला विचारायचीही चोरी. एवढ्यात राखणीला असलेल्या लक्ष्मम्मानं पलीकडच्या काठावरून विचारलं, "कुनाचा बैल व्हता वो?"

असो. तनुजाला आशीर्वाद.

आपला,
रामकिशन

ता. क. "दाजींचा," असं तोंडून गेलं. तेव्हा संध्याकाळच्या आत तसाच, काळ्या ठिपक्यांचा एक बैल टेंपोत घालून आणा, शक्यतो ओला, आणि तळ्यात उतरला तो हाच म्हणून सांगा. तुमची जोडी आमच्या मिरवणुकीत नसतेच, तुमचं काही जात नाही.

ता. ता. क. येऊ नका. सोमेशची गाडी सुरू होईना, तेवढ्यात केवळानं चिठ्ठी वाचली आणि समितीला खरं सांगून आली. नर परत येऊन अंड्यांवर बसलाय. मला रडू आलं. आमची जोडी बाद करायच्या ठरावावर अध्यक्षाची सही लागत होती. ती आत्ताच करून आलो.