भिवापूरची शेवटची बस

आई, बाबा पुन्हा फाटकापाशी उभे आहेत, हातात तिखटाची रिकामी पिशवी. तुला जाऊन अकरा वर्षं झाली, हे त्यांच्या डोक्यातून निघून गेलंय. तू माहेरी भिवापूरला मिरच्या आणायला गेली आहेस आणि शेवटच्या बसनं येणार, एवढं मात्र पक्कं राहिलंय. रोज संध्याकाळी विचारतात, "तुही माय आली नाही काय गा अजून?" आणि मी, बावन्नाव्या वर्षी 'अनिश्चिततेत विवेकानं निर्णय कसा घ्यावा' यावर पीएच.डी. करणारा तुझा शास्त्रीबुवा, उगाच चपला शोधायला लागतो.

पहिल्या दिवशी खरं सांगितलं. त्यांनी पिशवीची घडी घातली, "कधी?" एवढंच विचारलं आणि जेवले नाहीत. दुसऱ्या संध्याकाळी घडी मोडून पुन्हा तोच प्रश्न. मग बस लेट आहे म्हणून पाहिलं, तर दोन तास उभे राहिले, पाय सुजले. शेवटी चार घरांचा तक्ता केला: सांगावं, न सांगावं, लक्षात राहील, न राहील. एकाही घरात बाबा सुखानं जेवत नाहीत. माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "तक्ता सुंदर आहे. निर्णय कुठाय?" न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, संशय आला की दोन्ही पक्ष ऐकून निर्णय करतात. बाबा कुठल्याच पक्षाचे नाहीत, ते नुसती वाट पाहून राहिले.

भिवापूरच्या बाजारात तू मिरच्यांच्या पोत्यात मधोमध हात घालायचीस, एक मिरची मोडून बी जिभेवर ठेवायचीस, की झालं, "हेच पोतं." मी न्याय शिकायला लागलो त्या वर्षी तुझ्यासोबत आलो आणि एका मिरचीवरून अख्ख्या पोत्याचं अनुमान कसं, म्हणून तुला अडवलं. मी पाचवी मिरची हुंगतोय तोवर पोतं दुसऱ्याच्या ऑटोत चढलं. "तुहा संशय फिटेपर्यंत फागुन सरते गा," तू म्हणालीस. वर्षभर सीताबर्डीच्या दुकानातलं फिकं तिखट खाताना बाबा म्हणायचे, "शास्त्रीबुवाले वाढा अजून."

काल त्यांनी विचारलं तेव्हा मी पिशवीचा एक बंद धरून शेजारी उभा राहिलो. अर्ध्या तासानं तेच म्हणाले, "चाल गा, आज काही येत नाही तुही माय," आणि आत गेले.

या पत्राला एकच पत्ता सुचतो, बाबांनी दिलेला, भिवापूरचा, म्हणून ते टाकणार नाही. पण एक सांगतो. ते आत गेल्यावरही मी थांबलो होतो, कोपऱ्यावर बस थांबून पुढे जाईपर्यंत.