चारचौघांतली तौबा

७८६
बुवापाडा, अंबरनाथ
१० मे १९८९

चि. सफिया हिस भाई जैनुद्दीनकडून सलाम आणि खूप खूप दुवा.

वि. वि. इकडे सर्व खुशाल. ईदला तुझ्या भाभीने शिरखुर्म्याचा एक वाडगा तुझ्या नावाने बाजूला काढला होता. संध्याकाळी तो मीच संपवला, राग मानू नकोस.

आता मोठी बातमी. अल्लाहच्या मेहेरबानीने हजला माझा नंबर लागला! दोन जूनचं जहाज आहे. निघण्याआधी सगळ्यांची माफी मागायची आपली रीत. घरोघर जाऊन 'कहासुना माफ करा' म्हणतोय. मेहुणा लतीफ वारल्यापासून तुझं दार मला बंद आहे, म्हणून एकाच स्टेशनाचं अंतर असूनही पत्राने मागतो. काही बोललो असेन, दुखावलं असेन, तर मोठ्या मनाने माफ कर.

तुझ्या दुव्याची वाट बघणारा,
जैनुद्दीन


बेलवली, बदलापूर
१३ मे

आदरणीय भाईस सफियाचा सलाम.

वि. वि. बातमी वाचून रडू आलं, खोटं नाही सांगत. अब्बांची इच्छा तुझ्या हातून पुरी होतेय. पण 'काही बोललो असेन' हे काय रे? असेन? तू काय बोललास ते सगळ्या अंबरनाथला ठाऊक आहे.

हे केमिकलच्या कंपनीत ड्रम धुवायचे. दिवसभर थिनरच्या वाफा. सुटले की डोळे लाल, तोल जातोय, कपड्यांना भपकारा. तू त्यांना स्टेशनबाहेर तसं बघितलंस आणि शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर, मशिदीच्या दारात, जमातच्या सेक्रेटरीच्या तोऱ्यात सगळ्यांसमोर म्हणालास की आमचा मेहुणा दारू पितो. खोकल्याचं औषधसुद्धा दहादा विचारून घेणारा माणूस तो! मी तेव्हाच तुला येऊन सांगितलं, तर तू माझ्यावरच हसलास.

हे गेले तेव्हा अंबरनाथहून कुणी फिरकलं नाही. इथले चार म्हातारे आले आणि ह्यांच्या जोडीचा, जांभूळ गावचा वाळू खांदा द्यायला कंपनीतली माणसं घेऊन धावला. तू आला नाहीस. अशी घाऊक माफी मी देत नाही, भाई.

भाभीला सलाम, आणि तब्येतीची हेळसांड करू नकोस.
तुझी हट्टी बहीण,
सफिया


बुवापाडा
१५ मे

चि. सफिया हिस अनेक दुवा.

वि. वि. खरं ते लिहितो. लतीफच्या कंपनीत ड्रम धुवायला शेजारचा पोरगा लागला आणि महिन्याभरात त्याचीही तीच गत झाली. त्याचा भपकारा आला तेव्हाच माझी चूक मला कळली. लतीफ तेव्हा जिवंत होता. पण बोललेलं गिळायचं कसं? लोक मला मान देतात, भांडणं मिटवायला बोलावतात. म्हणून गप्प राहिलो, आणि मग जनाज्याला यायलाही तोंड राहिलं नाही.

रोज मध्यरात्रीनंतर तहज्जुदच्या नमाजला उठून तौबा करतो गं. तू फक्त माफ केलं एवढं लिही. येत्या जुम्याला नमाजनंतर जमात मला हार घालणार आहे. त्याआधी तुझे दोन शब्द हातात पडले तर जिवाला बरं वाटेल.

तुझ्या मायेवर अजून हक्क सांगणारा,
जैनुद्दीन


बेलवली
१६ मे

आदरणीय भाईस सलाम.

वि. वि. तौबा कशाला म्हणतात ते लहानपणी मला तूच शिकवलंस. मनापासून पस्तावायचं, ते काम सोडायचं, पुन्हा वाटेला जायचं नाही. आणि माणसाचं काही हिरावलं असेल तर त्याचं त्याला परत द्यायचं. तू ह्यांची अब्रू घेतलीस. ती तहज्जुदच्या अंधारात कशी परत करणार? तिथे अल्लाहशिवाय कोण आहे ऐकायला, आणि त्याला तर आधीपासून ठाऊक आहे.

जुम्याला हार घालतायत ना? झकास. माणसं आयतीच जमतील. हार गळ्यात पडायच्या आधी बोल. नाही बोललास तर सुखाने हजला जा, पण माझ्याकडे पुन्हा माफी मागू नकोस.

लोभ आहे, म्हणूनच एवढं लिहिलं.
सफिया


बुवापाडा
२० मे

चि. सफिया हिस दुवा.

वि. वि. काल बोललो. हार घेऊन माणसं पुढे आली तेव्हा हात आडवा केला आणि सांगितलं की लतीफ दारू पीत नव्हता, मी खोटं पसरवलं आणि खरं कळल्यावरही तोंड उघडलं नाही. एकजण म्हणाला, जाऊ द्या हाजीसाब, खुशीच्या दिवशी मेलेल्याचं कशाला काढता. मी म्हटलं, मेलेल्याचंच काढायचंय. मागच्यांना ऐकू गेलं नव्हतं, म्हणून पुन्हा मोठ्याने सांगितलं.

हार कुणी घातला नाही. काहीजण हात न मिळवता निघून गेले. सेक्रेटरीपदही मी सोडलं.

तिथून थेट बदलापूरच्या कब्रस्तानात गेलो. फातेहा पढली. नंतर लतीफशी बोलायला गेलो, तर काय बोलणार? जिवंत असता तर शिव्या तरी घातल्या असत्या त्याने. तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन मागे फिरलो. त्याने माफ केलं नसेल तर काब्यासमोर कोणत्या तोंडाने उभा राहू? वाटतं, जाऊच नये.

तुझा,
जैनुद्दीन


बेलवली
२३ मे

माझ्या भाईस सलाम.

वि. वि. जाऊच नये म्हणे! हार चुकला म्हणून हजही चुकवणार होय? गप सामान बांध. गल्लीपर्यंत येऊन परत गेलास हे वाचून मात्र तुझा भारी राग आला. रविवारी दुपारी भाभीला घेऊन जेवायला ये. दार उघडं आहे.

माझ्यापुरतं मी माफ केलं. मनापासून, काही मागे न ठेवता. पण ह्यांच्या वतीने माफ करणारी मी कोण? तो हक्क बायकोलाही नसतो.

म्हणून एक काम सांगते, ते करायचंच. हजच्या मुख्य दिवशी अरफातच्या मैदानात सगळी दुनिया स्वतःसाठी हात उचलेल. तू आधी ह्यांच्यासाठी उचल. ह्यांचे गुन्हे अल्लाहने माफ करावेत म्हणून मगफिरतीची दुवा माग. मग स्वतःसाठी माग. आणि नाव पुरतं घे, बापाच्या नावासकट. लग्न झाल्यापासून मी ते तोंडाने कधी घेतलं नाही, आज तुझ्यासाठी लिहिते.

अब्दुल लतीफ वल्द मोहिद्दीन.

तुला अल्लाहच्या हवाली करणारी,
सफिया